गोदूबाईचा सत्कार

गोदूबाईचा सत्कार ठरला तेव्हा सीमेवर सगळं शांत होतं, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर लोक म्हणतील, गावाला अक्कल नव्हती. अक्कल होती. ती वारा येईल तिकडे तोंड करायची, एवढंच.

पनवेलच्या खाडीकाठी आमचं गाव. एका अंगाला विमानतळाची भिंत, दुसऱ्या अंगाला खाजण, म्हणजे तिवरांचा चिखल. गोदूबाई आमची धवलारीण. आमच्यात लग्नाला भटजी उशिरा आला तर चालतं, धवलारीण उशिरा आली तर नवरीची आई रडायला लागते. मांडव घालण्यापासून नवरी पाठवण्यापर्यंत दर विधीला तिचं गाणं लागतं. त्या गाण्याला धवला म्हणतात. पंचेचाळीस वर्षं तिनं गावाची लग्नं लावली, माझंही तिनंच लावलं. दोन वर्षांपूर्वी कुणा कॉलेजच्या मुलीनं तिचा व्हिडिओ टाकला आणि म्हातारी बघता बघता अख्ख्या महाराष्ट्राची झाली. टीव्हीवर गेली. सिनेमावाल्यांनी गाडी पाठवली. दादरच्या मोठ्या सभागृहात अनवाणी उभी राहून गायली आणि लोक उभे राहिले. तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपणही काहीतरी द्यायला हवं, नाहीतर बाहेरचे आपल्याला नावं ठेवतील.

मित्रमंडळाचा अध्यक्ष प्रितेश म्हणाला, वैशाखातल्या जत्रेला सत्कार करू. शाल, नारळ आणि चांदीची होडी. प्रितेशचा धाकटा भाऊ आर्यन, त्याला गोदूबाईची नात प्रांजल दिलेली. जत्रेनंतर पाचव्या दिवशी तिची हळद. म्हणजे सगळं घरातल्या घरात होतं.

मग लढाई लागली.

खाडी बंद झाली. बंदराच्या दिशेला होडी दिसली की पोलीस शिट्ट्या मारायचे. गोदूबाईचा मुलगा कमळाकर होडी काठावर उलटी घालून बसला. लग्न तोंडावर आणि जाळं कोरडं. मग ओहोटी लागली की सगळं घर चिखलात उतरायचं, चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, काढायला. बिळात लांब लोखंडी आकडा घालायचा, चिंबोरीनं तो धरला की हाताला जड लागतं, मग घाई न करता ओढायचं. कमळाकरला घाई व्हायची, त्याच्या चिंबोऱ्यांचे नांगे तुटून यायचे. गोदूबाई बहात्तर वर्षांची, मांडीपर्यंत चिखलात, पण तिची चिंबोरी अखंड निघायची. सून भामा टोपली ओढायची. आणि काढलेल्या चिंबोरीचे नांगे सुतळीनं बांधायला शेजारची चंद्रावती.

चंद्रावती एकाहत्तर वर्षांची. धवल्यात एक ओळ धवलारीण म्हणते आणि दुसरी बाई ती झेलून पुन्हा म्हणते. गोदूबाईच्या ओळी इतकी वर्षं चंद्रावतीनं झेलल्या. पण मांडवाच्या बाहेर बसून. कारण चंद्रावतीचं लग्न अर्धं राहिलेलं. सन एकाहत्तरच्या लढाईत तिला हळद लागली त्याच संध्याकाळी नवऱ्याला पलटणीची तार आली. तो पिवळ्या अंगानं गेला तो परत आला नाही. सासर मिळालं नाही, माहेरचं सुटलं नाही. सवाष्ण नाही, विधवा नाही. गावानं तिला कुडामागे बसवली, सावली हळदीवर पडू नये म्हणून. तिथून तिचा आवाज यायचा. तिचा आवाज गोडच होता, तेवढा आम्ही ऐकून घ्यायचो.

लढाईच्या तिसऱ्या दिवशी चॅनेलचा माणूस थेट खाजणात आला. बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून बांधावर उभा राहिला.

"आजी, शत्रूचा नाश होऊ दे, असा एक धवला होऊन जाऊ दे. आपल्या जवानांसाठी."

गोदूबाईनं आकडा चिखलात रोवला आणि त्यावर हात टेकले. "धवला लग्नाचा असतो रे बाबा. कोनाच्या मरनाचा कसा गाऊ?"

"पण लढाई चालू आहे ना, आजी."

"मंग बंद करा म्हनावं. दोघांनाबी." तिनं मागं बोट केलं. "ही बग, ही चंद्रा. हिला हलद लागली तवा अशीच लढाई चालू व्हती. नवरा हलदीच्या अंगानं गेला तो आलाच नाय. तिकडंबी कोनाच्या पोरीला हलद लागली असंल का नाय? आमच्यात लग्न निघालं का पहिली सुपारी ज्याच्याशी भांडन हाय त्याच्या घरला जाते. मंग देवाला. मांडवात शाप नको म्हनून. तशी द्या म्हनावं एक सुपारी पाठवून."

कॅमेरा चंद्रावतीकडे वळला. तिच्या हातात चिंबोरी होती, अर्धी बांधलेली. तिनं तोंड फिरवलं तर तो माणूस बांधावरून पळत दुसऱ्या बाजूला गेला आणि तिथून घेतलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तेच. देवाआधी वैऱ्याला सुपारी देणारी म्हातारी. पहिली सुपारी, म्हणजे लग्नाचं पहिलं आमंत्रण, भांडणाच्या घरी, ही रीत गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. माझ्या लग्नात आमच्या चुलत्यांना गेली होती. पण एकानंही तोंड उघडलं नाही. कोण सांगेल आणि कुणाच्या अंगावर येईल.

दुसऱ्या दिवशी भामा नेहमीसारखी चिंबोऱ्या घेऊन खांदा कॉलनीत गेली. दहा वर्षं ती त्याच सोसायटीच्या फाटकाजवळ बसायची. दुपार झाली तरी टोपलीला कुणी हात लावला नाही. बांधलेल्या चिंबोऱ्या फेस काढत राहिल्या. मग तिसऱ्या मजल्यावरची ताई खाली आली, जिच्या बाळंतपणात भामानं घरी नेऊन मुडदुशीची मासळी दिली होती.

"भामा, तुझ्या सासूला काही वाटतं की नाही गं?"

"ताई, म्हातारं मानूस हाय."

"तू तरी आहेस ना देशाबरोबर? मग बोल. जोरात बोल." ताईनं फोन समोर धरला.

भामा उभी राहिली. पदर सावरला आणि भारतमातेचा जयजयकार केला. ताई म्हणाली, ऐकू नाही आलं. दुसऱ्यांदा केला. फाटकावरचा वॉचमन हसायला लागला. तिसऱ्यांदा तिचा आवाज फाटला, तेव्हा ताईनं फोन खाली घेतला, टोपलीत वाकून बघितलं आणि म्हणाली, "मोठ्या दोन दे. आणि भाव नीट लाव, मागच्या वेळी पोकळ निघाली होती."

भामा घरी आली. टोपली अंगणात उलटी केली, आणि राहिलेल्या चिंबोऱ्या वाकड्यातिकड्या चालायला बघत होत्या, त्यांना पायानं आत लोटत राहिली.

प्रितेश आला तो अशाच वेळी. मागे मंडळाची चार पोरं. गोदूबाई ओट्यावर कोळंबी सोलत होती, बाजूला चंद्रावती. दोघींची बोटं पाण्यानं सुरकुतलेली.

"आजी, वरून प्रेशर आहे," प्रितेश म्हणाला. "जत्रेला पाहुणे येणार नाय म्हणतात. बॅनर फाडलं काल कुणीतरी. तू स्टेजवर सॉरी बोल, मॅटर क्लोज."

"तुजी शाल घाल तुज्या म्हशीला," गोदूबाई म्हणाली. हात थांबला नाही. "मी मागितली व्हती का?"

"शालीचं सोड. आमच्या घरच्या बायका काय म्हणतात ते ऐक. असल्या तोंडचा धवला नको म्हणतात. हळदीला दुसरी बघा, नायतर डीजेवर भागवा."

आता हात थांबला. तिला एवढंच पाहिजे होतं. तिनं गावच्या सगळ्या पोरी उजवल्या, पण तिला स्वतःला मुलगी नव्हती. प्रांजल झाली त्या दिवसापासून म्हातारी म्हणायची, हिची हळद गायची आणि मग गळा मिटायचा. बाकी दादर आणि टीव्ही तिला सारखंच होतं.

"माझ्या नातीची हलद मी गानार," ती म्हणाली.

"मग सॉरी बोल आणि गा. देवीची शपथ, कुणी अडवणार नाय."

तो गेल्यावर कमळाकर आतून आला. तो सगळं ऐकत होता आणि बाहेर आला नव्हता. "आये, तुला टाल्या मिलतात दादरला. आमाला पोरगी उजवायची हाय. तुज्या तोंडापायी ती घरात र्‍हायली तर मी तुला त्याच खाजनात नेऊन सोडीन." आईला असं बोलताना त्याची नजर कोळंबीच्या ढिगाकडे होती.

प्रांजल दारात उभी होती. पनवेलला कॉलेज शिकलेली, शांत मुलगी. "आजी, एकदा म्हण ना सॉरी. माझ्यासाठी. काय फरक पडतो?"

गोदूबाईनं चंद्रावतीकडे बघितलं. काहीतरी बोलेल म्हणून. चंद्रावतीनं सोललेल्या कोळंबीचा वाडगा तिच्यापुढं सरकवला, टरफलं पदरात घेतली आणि उठून गेली.

मग दोन दिवस गोदूबाई जात्यावर बसली. हळकुंडं दळायची होती. दळता दळता ती माफी पाठ करायची. पंचेचाळीस वर्षांत हजारो ओळी जिला पाठ, तिला चार वाक्यं पाठ होईनात. भामा म्हणायची, "आय, 'माजं चुकलं' नुसतं नाय, 'देशाची माफी मागते' असं म्हना, प्रितेशनं लिवून दिलंय." म्हातारी परत सुरुवात करायची. हातापायांवर पिवळी धूळ बसली होती.

जत्रेच्या संध्याकाळी मैदान भरलं. खोटं कशाला बोलू, एवढी गर्दी तिच्या सत्काराला जमली नसती. हिरवं लुगडं नेसून, नाकात नथ घालून गोदूबाई कमळाकरच्या मागे आली. पायऱ्या चढून वर गेली आणि थबकली. सत्काराच्या खुर्चीवर चंद्रावती बसली होती. पांढरं नवं पातळ, पाय जमिनीला टेकत नव्हते म्हणून खाली पाट दिलेला.

प्रितेश माइकवर म्हणाला, "आपल्या गावात वीरपत्नी आहे आणि आपल्याला माहीत नव्हतं! चौपन्न वर्षं या माऊलीनं त्याग केला!"

माहीत नव्हतं म्हणे. तिला बघून सकाळी निघालेला माणूस घरात परत जायचा, पाणी पिऊन पुन्हा निघायचा. आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

शाल गोदूबाईच्या हातात दिली. "आजी, तुमच्या हातानं." तिनं ती चंद्रावतीच्या खांद्यावर घातली. एक टोक घसरलं, ते परत वर केलं. मग प्रितेशनं डोळ्यांनी खुणावलं, पाया. बहात्तरची बाई आपल्याहून लहान बाईच्या पाया पडली. वाकली तर उठता येईना, मंडळाच्या पोरानं काखेत हात घालून उभी केली. मागून कुणीतरी शिट्टी मारली.

तिनं माफी मागितली. चारही वाक्यं आली. खाली उतरायला वळली तर साउंडवाला ओरडला, "माइक बंद होता!" लोक हसले. प्रितेशनं बटण दाबलं, फुंकर मारून बघितली आणि म्हणाला, "परत एकदा, आजी." तिनं परत मागितली. या वेळी तिसरं वाक्य विसरली, ते त्यानं बाजूनं सांगितलं.

चंद्रावतीला बोला म्हणाले ते नावापुरतं. ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"पंचेचालीस वर्सं हिच्या ओली झेलल्या मी. एकाबी मांडवात घेतली नाय मला. कुडामागं बसवली. आन माजं दुक्ख मातर चिखलात उभं र्‍हाऊन सांगितलं सगल्यांना. मला इच्यारलं पन नाय."

एवढंच. सगळ्यात मोठी टाळी त्याला पडली. कुडामागं बसवणारे आम्हीच होतो, पण टाळी वाजवताना ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गोदूबाई तिथंच उभी होती. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं.

दोन दिवसांनी लढाई थांबली. कुणी कुणाला सुपारी पाठवली ते आम्हाला कळलं नाही. होड्या पाण्यात उतरल्या, कमळाकरला जिताडा मिळाला, खांदा कॉलनीची ताई भामाला म्हणाली, किती दिवस आली नाहीस गं.

हळदीच्या दिवशी प्रितेशनं शब्द पाळला. नवऱ्याकडच्या बायका तोंड वाकडं करून का होईना, मांडवात बसल्या. गोदूबाई पाटाशेजारी बसली, प्रांजलच्या उजव्या अंगाला. पण त्यानं एक गोष्ट जास्तीची केली. चॅनेलचा माणूस बोलावला आणि म्हणाला, पहिली हळद वीरपत्नीच्या हातची लागणार. आमची पोरगी भाग्याची.

कमळाकर हो म्हणाला. भामाचं तोंड एवढंसं झालं, पण तीही हो म्हणाली. गोदूबाईला कुणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

तिनं गायला सुरुवात केली तेव्हा मांडव गप्प झाला. आवाज थकलेला होता, पण वळण तेच.

"हलद दलिली गो, सोन्याच्या जात्यावरी,
पहिली सुपारी गो, वैऱ्याच्या दारावरी..."

प्रितेशच्या कपाळावर आठी पडली, पण त्यानं शपथ घेतली होती. ओळ झेलायला कुणी नव्हतं, तर म्हातारी स्वतःच म्हणायची आणि स्वतःच झेलायची. प्रांजलच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या बायकोच्याही आलं. मला वाटलं, झालं ते झालं, बाईला तिचं मिळालं.

तेवढ्यात चंद्रावतीला आत आणली. प्रितेशच्या आईनं तिचा हात धरला होता. मांडवाच्या मेढीशी ती अडखळली, वर बघितलं, आंब्याची पानं बघितली, मग आत पाऊल टाकलं. तिला हळदीच्या वाटीसमोर बसवली. कॅमेरा जवळ आला. तिनं पाची बोटं वाटीत बुडवली आणि हात प्रांजलच्या गालाकडे नेला.

गाणं तुटलं.

"चंद्रे, हात मागं घे!"

गोदूबाई किंचाळली होती. तिचा हात पुढं आला होता, नातीच्या तोंडापुढं आडवा. "माज्या पोरीला नको लावू! अर्धी हलद हाय तुजी! हिचं कपाल..."

आपण काय बोललो ते तिला तिथंच कळलं. वैऱ्याला सुपारी धाडायला निघालेली बाई, पण शेजारणीचा हात तिला नातीच्या गालावर सोसला नाही.

कॅमेरावाला आणखी एक पाऊल पुढं सरकला. चंद्रावतीचा हात तसाच अधांतरी, बोटांवरून हळद ओघळत मनगटाकडे चाललेली.

प्रांजलनं आजीचा हात बाजूला केला. हळूच, पण केला. चंद्रावतीचं मनगट धरलं आणि आपल्या गालाला लावलं. मग दुसऱ्या गालाला.

"आजी," ती म्हणाली, "तू बाहेर जाऊन बस."

कमळाकरनं आईला दंडाला धरून उठवली आणि घरामागे नेली, जिथं सुके बोंबील टांगायच्या दोऱ्या बांधल्या होत्या. "इथनं हालायचं नाय," म्हणाला आणि गेला. मांडवात डीजे लागला. भामानं घाईघाईत भाताचं ताट आणून ठेवलं आणि परत गेली.

मी पाणी आणायला मागे गेलो होतो, म्हणून पुढचं ऐकलं.

चंद्रावती आली. दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे, समोर धरलेले, कशाला लागू नयेत असे. ती गोदूबाईसमोर उभी राहिली.

"गोदे, हलद राखंनं जाते. म्हाईत हाय ना तुला?"

गोदूबाईनं भाताचं ताट बाजूला सारलं.

"तार आली, तो गेला, आन महिन्यानं ती दुसरी तार आली. तुज्या सासूनं सांगितलं आन तू माजं अंग घासलंस. राख आन काथ्या घेऊन. हलद कवाच गेली व्हती, तरी घासलंस. कातडं निगालं. मी म्हनत व्हते, बस गो गोदे, बस. तू थांबली नायस."

"मी आठरा वर्सांची व्हते गो," गोदूबाई म्हणाली.

"आन मी सतरा."

डीजेवरचं गाणं बदललं. चंद्रावतीनं हात पुसले नाहीत. तसेच पुढं धरून ती गल्लीतून आपल्या घरी गेली.

त्या दिवसानंतर गोदूबाई गायली नाही. गावात पाच लग्नं झाली, पाचही डीजेवर. तिला कुणी बोलावत नाही. बाहेरचे लोक अजून शोधत येतात, एवढी मोठी बाई, तिला का बोलावत नाही म्हणून विचारतात. आम्ही लढाईचं कारण सांगतो.